महाराजांची केशरी-काळी गाडी

यशवंतराव होळकर हे नाव घेतले की आम्हा कॅडेट्सना १८०४ साली दिल्लीला वेढा घालणारे सेनानी आठवतात. मी लिहीत आहे ते त्याच घराण्यातल्या दुसऱ्या यशवंतरावांविषयी. त्यांनी लढाया गाजवल्या नाहीत. जुन्या मोटारींचे शौकीन मात्र त्यांना आजही एका गाडीमुळे ओळखतात.

सुट्टीत मी मुनिरक्याला घरी असतो. तिथून जवळच, चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, इंदूरच्या महाराजांचा सलून डबा आहे. तो पाहून मी इंदूर संस्थानाविषयी वाचू लागलो आणि रेल्वेच्या डब्यावरून या गाडीपर्यंत पोहोचलो.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. मुंबईतल्या बावला खून खटल्यानंतर त्यांचे वडील तुकोजीराव यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. तेव्हा यशवंतराव सतरा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या बारावीच्या सीनियर्सएवढे. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले. पत्नी संयोगिताराणी या कोल्हापूरजवळच्या कागलच्या. दोघांनाही नव्या कलेची ओढ होती. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्यात कमानी आणि झुंबरांऐवजी सरळ रेषा, काच आणि धातू होता.

गाड्यांच्या बाबतीतही त्यांची आवड अशीच होती. अल्फा रोमिओ, बेंटले, हिस्पानो-सुइझा अशा अनेक गाड्या त्यांच्याकडे होत्या. पण सर्वांत गाजली ती १९३५-३६ ची ड्युसेनबर्ग एसजे. तिची चासी आणि इंजिन अमेरिकेत तयार झाले, तर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी बांधली. एवढी लांबलचक गाडी, पण उघडी आणि मुख्यतः दोघांसाठी! रंग केशरी आणि काळा. इंजिन ६.९ लिटरचे, एका रांगेत आठ सिलिंडर. त्याला सुपरचार्जर जोडलेला होता. हा पंखा इंजिनच्याच ताकदीवर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जळते आणि ताकद वाढते. कंपनी ३२० हॉर्सपॉवरचा दावा करी. त्या काळात साध्या मोटारी शंभराच्याही आतच असत. ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली, त्यामुळे अशा गाड्या फार थोड्या उरल्या.

हे वाचताना मला एक प्रश्न सारखा पडत होता. आमच्या वसतिगृहात प्रत्येकाचे कपाट सारखे, ट्रंक सारखी. अधिकाऱ्याने आधी जवानांचे जेवण पाहायचे आणि मग स्वतःचे, असे आम्हाला शिकवतात. मग प्रजेच्या राज्यातून आलेल्या पैशावर अशी गाडी घेणाऱ्या राजाचे कौतुक करायचे का? गाडी मला आवडते, हे खरे. पण केवळ गाडीवरून माणसाला मोठे म्हणणे मला पटत नाही. म्हणून मी पुढे वाचत गेलो.

१९३७ मध्ये संयोगिताराणी अगदी तरुण वयात वारल्या. प्रसिद्ध शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून इंदूरला एक ध्यानमंदिर उभारायचे ठरले होते. ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेले, पण मंदिर झालेच नाही. दुसरीकडे क्रिकेटला मात्र यशवंतरावांनी भक्कम आश्रय दिला. होळकरांच्या सैन्यात अधिकारी असलेल्या कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून भारताच्या प्रश्नात लक्ष घालण्याची विनंती केली. इंग्रजांच्या छायेखालच्या संस्थानिकासाठी हे धाडसच होते.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. शतकानुशतके ज्यांच्यात स्पर्धा होती त्या घराण्यातला माणूस वर आणि आपण खाली, हे त्यांनी स्वीकारले. १९५६ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते.

पुढे ड्युसेनबर्ग अमेरिकेत गेली. माणिकबागेतले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकले गेले आणि राजवाड्यात सरकारी कार्यालय आले. इंदूरमध्ये लोकांच्या तोंडी त्यांचे नाव आजही रोज असते, ते मात्र वेगळ्याच कारणाने. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचे नाव महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. लोक त्याला थोडक्यात 'एमवाय' म्हणतात. तिथे उपचारांसाठी येणाऱ्या किती जणांना त्या केशरी गाडीविषयी माहीत असेल? फारसे कोणाला नसेल, आणि त्याने काही बिघडतही नाही.

ती गाडी एकदा तरी प्रत्यक्ष पाहावी आणि तिच्या इंजिनचा आवाज ऐकावा, अशी माझी इच्छा आहे. पण इंदूरला गेलो, तर आधी त्या रुग्णालयावरची पाटी पाहीन.