यष्ट्यांमागचे हिंदळेकर

लातूरहून बार्शीकडे जाताना मुरुड लागते. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पोरांचे क्रिकेट रंगलेले असते. संघ पाडताना बॅटिंगसाठी भांडणे होतात, पहिली ओव्हर कुणी टाकायची यावरून रुसवेफुगवे होतात; किपर व्हायला मात्र सहसा कोणी पुढे येत नाही. जो शेवटी उरतो त्याला दांड्यांमागे उभे करतात. त्याने चेंडू अडवला तर कुणाचे लक्ष नसते, सुटला की सगळे रान त्याच्यावर ओरडते. कसोटीच्या मैदानावरही या कामाची तऱ्हा फारशी वेगळी नाही. दत्ताराम धर्माजी हिंदळेकर यांची आठवण काढायची ती यासाठी. आजच्या मुलांनी हे नाव ऐकलेले असण्याची शक्यता कमीच.

हिंदळेकरांचा जन्म १ जानेवारी १९०९ चा, रत्नागिरीचा. कोकणातल्या कितीतरी मुलांप्रमाणे त्यांचेही पोट मुंबईवर चालले. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांना नोकरी होती आणि पगार होता दरमहा ८० रुपये. तेव्हा आपल्याकडे क्रिकेटवर घर चालत नसे. सी. के. नायडूंसारख्यांना होळकरांचा आश्रय होता, काही खेळाडू स्वतःच सधन घरचे होते. राहिलेल्यांनी नोकरी सांभाळायची, रजा मिळाली तर खेळायचे आणि बोट मोडले तर ते स्वतःच निस्तरायचे. अशा परिस्थितीत हा माणूस रणजी सामन्यांत मुंबईकडून आणि गाजलेल्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळत राहिला.

भारताचे पहिले कसोटी यष्टिरक्षक जनार्दन नवले. त्यांच्यानंतर १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर पहिली पसंती मिळाली हिंदळेकरांना. दौरा तसा अपशकुनीच. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार, लाला अमरनाथ यांना मध्येच मायदेशी धाडलेले, संघात गटबाजी. जूनअखेर लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली आणि हिंदळेकर विजय मर्चंट यांच्यासोबत सलामीला आले. दोघांनी ६२ धावांची सुरुवात करून दिली. त्यात हिंदळेकरांच्या २६. पुढे मात्र पत्त्यांचा बंगला कोसळावा तसा डाव १४७ धावांत आटोपला. सामना भारताने गमावला.

त्या दौऱ्यात हिंदळेकरांच्या बोटाच्या हाडाचा कपचा उडाला, शिवाय दृष्टीही अंधुक झाली. यष्टिरक्षकाला डोळा आणि बोट या दोहोंखेरीज दुसरी पुंजी ती कोणती? मँचेस्टरच्या कसोटीत त्यांच्या जागी खुर्शेद मेहेरहोमजी उभे राहिले, ओव्हलवर दिलावर हुसेन. सलामीची जागाही रिकामी झाली होती. मँचेस्टरला तिथे मर्चंट यांच्या जोडीला मुश्ताक अली आले आणि दोघांनी २०३ धावांची भागीदारी रचली. भारतीय क्रिकेटमधल्या त्या सोनेरी दिवसाच्या मुळाशी एका मराठी माणसाचे दुखावलेले बोटही आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्यानंतर भारत तब्बल दहा वर्षे कसोटी खेळलाच नाही. युद्धाने जगाचेच खेळ मोडले होते. हिंदळेकरांचे सत्ताविसाव्यापासून सदतिसाव्यापर्यंतचे वय, म्हणजे यष्टिरक्षकाच्या भराचा काळ, मुंबईच्या मैदानांवर आणि नोकरीत सरला. मर्चंट यांचीही तीच वर्षे वाया गेली. पण मर्चंट यांच्या नावावर धावांचे ढीग होते, लोक हळहळले. यष्टिरक्षकाच्या गेलेल्या वर्षांचा हिशेब कोण ठेवतो?

तरीही १९४६ च्या दौऱ्यावर पहिला यष्टिरक्षक म्हणून निवड झाली ती त्यांचीच. रावसाहेब निंबाळकर जोडीला होते. पाठ साथ देईना, काही सामने बसून काढावे लागले, पण तिन्ही कसोटींत हातमोजे चढवले हिंदळेकरांनीच. मँचेस्टरला शेवटच्या दिवशी भारतापुढे २७८ धावांचे लक्ष्य होते. ॲलेक बेडसर एकेकाला तंबूत धाडत होते. नववा गडी बाद झाला तेव्हा रंगा सोहोनींना साथ द्यायला अकराव्या क्रमांकाचे हिंदळेकर आले. जिंकण्याचा प्रश्नच उरला नव्हता. घड्याळाचा काटा सरकण्याची वाट पाहायची होती. ही जोडी १३ मिनिटे टिकली. भारत ९ बाद १५२, सामना अनिर्णित. तीन सामन्यांच्या त्या मालिकेत लॉर्ड्स आपण हरलो होतो, ओव्हल पावसात वाहून गेली. मँचेस्टरची ती १३ मिनिटे नसती तर मालिका ०-२ अशी गेली असती.

चार कसोटी, ७१ धावा, तीन झेल. आकडे एवढेच. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जेनी इराणी आणि प्रबीर सेन गेले.

त्यानंतर दोन वर्षांतच हिंदळेकर अंथरुणाला खिळले. ८० रुपयांच्या नोकरदाराला मुंबईत औषधपाणी परवडते थोडेच! मदत मागण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. क्रिकेटच्या संस्थांकडे शब्द गेला तोवर उशीर झाला होता. ३० मार्च १९४९ रोजी, योग्य उपचारांअभावी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. कुटुंबासाठी धावपळ झाली ती त्यानंतर. माजी कसोटीपटूंसाठी क्रिकेट मंडळाचे निवृत्तिवेतन सुरू व्हायला आणखी कित्येक दशके जायची होती. मैदानावर देशाची लाज राखणाऱ्याला खाट धरल्यावर कोणी विचारले नाही, ही खंत आजही बोचते.

घरातले क्रिकेट मात्र थांबले नाही. मामा गेले तेव्हा त्यांचा भाचा सतरा वर्षांचा होता. १९५१ च्या अखेरीस कलकत्त्याला तो पहिली कसोटी खेळला आणि ४८ धावा करून गेला. पुढच्या जूनमध्ये लीड्सला तीन गडी झटपट गेले असताना त्याने विजय हजारे यांच्यासोबत डाव सावरला आणि १३३ धावा काढल्या. तो भाचा म्हणजे विजय मांजरेकर, संजय मांजरेकरांचे वडील. विजय हे मुळात फलंदाज. पण संघाची गरज पडली तेव्हा त्यांनीही हातमोजे चढवले. कसोटीत दोन यष्टिचीत त्यांच्या नावावर आहेत. मामांच्या नावावर एकही नाही.