भारतीय औषधविज्ञानाचे जनक : कर्नल सर रामनाथ चोप्रा

शाळेच्या मागच्या कुंपणाला अडुळसा आहे. मुले हिंदीच्या सवयीने त्याला अडूसा म्हणतात. खोकला झाला की शेजारपाजारचे लोक पाने मागायला येतात, आणि आम्ही आनंदाने देतो. पण मागे आमच्या नात्यातील एका काकांनी क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांनी बंद केल्या आणि याच पानांचा काढा सुरू केला. खोकला कमी झाला होता, तेव्हा आता गोळ्या कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांना समजावताना आम्ही ज्यांचे नाव घेतले, त्यांचा परिचय विद्यार्थ्यांना व पालकांनाही व्हावा असे वाटले.

रामनाथ चोप्रा यांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ चा, गुजरांवाला येथला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते. लाहोरचे शिक्षण आटोपून चोप्रा केंब्रिजला गेले. तेथे प्रा. डिक्सन यांच्याजवळ ते औषधाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे मोजायला शिकले. १९०८ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत होते.

१९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ते औषधविज्ञानाचे पहिले प्राध्यापक झाले. त्या काळी विलायती शिकलेले डॉक्टर देशी वनस्पतींना हसत, आणि घरोघरी मात्र त्यांवर डोळे मिटून विश्वास. चोप्रांनी दोन्ही बाजू सोडल्या. वनस्पती आणायची, तिच्यातील द्रव्य वेगळे काढायचे, प्राण्यांवर व मग रुग्णांवर तपासायचे, आणि जे दिसेल ते लिहायचे. १९२५ मध्ये त्यांनी अडुळशावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याने श्वासनलिका थोड्या सैल होतात, कफ सुटतो. म्हणजे आजीचे म्हणणे खरेच होते. पण कफ सुटणे वेगळे आणि फुप्फुसातील जंतू मरणे वेगळे. काकांची गफलत नेमकी इथेच झाली.

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हेही चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये दाखवले. त्याच वर्षी देशी औषधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्याआधी १९३०-३१ मध्ये, बाजारातील भेसळीच्या औषधांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते अध्यक्ष होते. १९४० चा औषध कायदा त्याच अहवालातून पुढे आला. आज औषधाच्या पाकिटावर जे काही छापलेले आपण वाचतो, त्यामागे हे काम आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९४१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतर घरी न बसता ते जम्मू-काश्मीर संस्थानात गेले आणि तेथील औषध संशोधन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९५७ मध्ये ती केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेकडे गेली. १३ जून १९७३ रोजी चोप्रा गेले. त्यांच्यामागे तेथील शास्त्रज्ञांनी पिंपळी व काळी मिरी हाती घेतली. मिरीतील पाइपरीन सोबत दिल्यास क्षयावरचे रिफॅम्पिसिन रक्तात जास्त उतरते, असे १९८५ मध्ये क्षयरोग्यांवरच दिसून आले. २००९ मध्ये अशा गोळीला सरकारी मान्यता मिळाली, आणि तीत रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम होते. ध्यानात घ्या, मिरीने रिफॅम्पिसिनची जागा घेतली नाही, तिने त्याला मदत केली.

अडुळशाचीही गोष्ट थांबली नाही. व्हॅसिसीनच्या धर्तीवर बनवलेले ब्रोमहेक्सिन खोकल्याच्या सिरपात असते. १९९६ मध्ये ते क्षयाच्या जंतूची वाढ रोखते असे दिसले, पण काचेच्या नळीत. क्षयरोग्याला गोळ्यांऐवजी ते देता येत नाही.

काकांना हे सगळे एका संध्याकाळी सांगितले. ते रागावले, चहा तसाच ठेवून उठले. दोन दिवसांनी मात्र काकूंचा फोन आला. दोघे सरकारी दवाखान्यात गेले होते, डॉक्टरांनी थुंकीची तपासणी करून उपचार पुन्हा सुरू केले. काढा घ्यायचा का, हेही काकांनी तेथेच विचारून घेतले.