कडेवर लेक, मनगटावर गंडा

मैत्रिणींनो, भुलाबाईचे दिवस आले की आपल्या तेल्हाऱ्यात काय किंवा अकोट-अकोल्यात काय, संध्याकाळी पोरींचे आवाज ऐकू येतात. त्या घोळक्यात एखादीचा गळा असा असतो की ऐकणारी बाई हातातलं काम ठेवून दारात येते. पुढे त्या पोरीचं लग्न होतं, लेकरू होतं, अन् गाणं कुठल्या कुठे राहून जातं. लेकराबाळांच्या धबडग्यात आता कसलं गाणं, असं तीच हसून सांगते. आपणही मान डोलावतो.

म्हणूनच आज गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट. किशोरी आमोणकरांच्या आई म्हणून त्या पुष्कळांना माहीत आहेत. पण लेक झाल्यानंतर ही बाई नव्यानं शिष्या झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मोगूबाईंचा जन्म 15 जुलै 1904चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचे अवशेष दिसतात, अन् जुने गावकरी तिथे जमतात. मोगूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजात जन्मल्या. त्या काळी या घरांतल्या बायकांचं गाणं लोकांना हवं असायचं, पण गाणाऱ्या बाईला मान द्यायचा म्हटलं की हात आखडायचा. लेकीनं मोठी गायिका व्हावं, ही आई जयश्रीबाईंची एकच इच्छा. आईनंच तिला नाटक मंडळीत घातलं. 1914 साली आई गेली, तेव्हा मोगू दहा वर्षांची होती.

पोरकी पोर नाटक मंडळीत वाढली. चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी बंद पडली, मग सातारकर स्त्री संगीत मंडळीत ती गेली. तिथे ‘सौभद्रा’तली सुभद्रा केली, ‘पुण्यप्रभावा’तली किंकिणी केली. नाच शिकली, गाणं शिकली. पण तिथेही बिनसलं अन् कंपनी सुटली. तब्येत ढासळली म्हणून मावशीनं तिला 1919च्या सुमारास उपचारासाठी सांगलीला आणलं.

योगायोग पाहा! जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँसाहेबही तेव्हा औषधोपचारासाठी सांगलीतच होते. या मुलीचा रियाज त्यांच्या कानावर पडला अन् ते आपणहून शिकवायला आले. सुमारे दीड वर्ष ही तालीम चालली. मग खाँसाहेब मुंबईला गेले, अन् त्यांच्यामागोमाग मोगूबाईही गेल्या.

पण मुंबईत शिकणं सोपं नव्हतं. त्या काळी उस्तादांची तालीम हे मोठ्या पैशाचं काम. घसघशीत बिदागी देणाऱ्या घरांच्या अटी असत, आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला शिकवायचं नाही इथपर्यंत. मोगूबाईंकडे पैसा नव्हता, पाठीशी कुणी धनवान शेठही नव्हता. खाँसाहेबांचं दार बंद झालं. त्या आग्रा घराण्याच्या बशीर खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या. नंतर अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे काही वर्षं जयपूरची तालीम मिळाली. इथे कुठे गाडी रुळावर आली, तर हैदर खाँसाहेबांनाही मुंबई सोडावी लागली. त्यामागेही दुसऱ्या घरचा दबाव होता, असं सांगतात.

मधल्या काळात मोगूबाईंनी माधवदास भाटिया यांच्याशी संसार थाटला होता. 1932 साली किशोरीचा जन्म झाला. आता बघा, गुरू नाही, पदरात तान्ही लेक. जे आलं तेवढ्यावर समाधान मानून त्या गप्प बसल्या असत्या, तर कुणी बोल लावला नसता. पाच-पंचवीस राग येत होते, मैफिली मिळत होत्या. पण आपलं शिक्षण अर्धवट आहे, हे त्यांना आतून माहीत होतं. अन् 1934 साली, लेक दोन वर्षांची असताना, अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. गंडा म्हणजे गुरूनं शिष्याच्या मनगटावर बांधायचा धागा. तो बांधला की नातं पक्कं, मग तिसऱ्या कुणाचा त्यात हात नाही. गुरू ऐंशीच्या घरात, शिष्या तीस वर्षांची. तेव्हापासून 1946 साली खाँसाहेब जाईपर्यंत ही तालीम चालली.

जयपूरची गायकी म्हणजे डोक्याला अन् दमाला सारखाच ताप! राग अनवट, म्हणजे सहसा कुणी न गाणारे. दोन-दोन रागांचे जोडराग वेगळेच. बंदिश असते दोन-चार ओळींची. बाकी सगळी इमारत गाणारीनं तिथल्या तिथे स्वतः उभी करायची, अन् तालाचं चक्र फिरत असताना नेमक्या समेवर येऊन पोचायचं. मोगूबाईंची लय अशी पक्की की जाणकार त्यासाठीच त्यांचं नाव घेतात. ही लय घरकामातून, लेकरांच्या रडण्याहसण्यातून वेळ काढून घोटलेली होती, हे मात्र आपण बायकांनीच ओळखायचं.

नशिबानं आणखी एक घाव घातला. 1939 साली माधवदास गेले. किशोरी सहा-सात वर्षांची, पाठची दोन भावंडं त्याहून लहान. आता गाणं हीच चूल पेटवायची सोय होती. मोगूबाई गावोगाव मैफिलींना जायच्या. त्या वेळी आईला नीट उतरायची जागा मिळत नसे, प्रवास साधा अन् बिदागी तुटपुंजी, हे किशोरीताईंनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. किशोरीताई स्वतः आयोजकांशी फार काटेकोर वागायच्या. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचे. पण आईच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या पोरीनं जे पाहिलं होतं, ते ती विसरली नव्हती.

मोगूबाई, म्हणजे सगळ्यांच्या माई, घरातही गुरूच होत्या. ओळ दोनदा गाऊन दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात मुलीनं ती उचलायची! लेक म्हणून सूट नाही. पण त्यांनी लेकीला आपल्यापुरतं बांधूनही ठेवलं नाही, दुसऱ्या गुरूंकडेही शिकू दिलं. किशोरीताई पुढे आईच्या वाटेपेक्षा वेगळं गायल्या अन् देशभर गाजल्या. पद्मा तळवलकर, कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर अशा शिष्याही माईंनी घडवल्या. ज्या विद्येसाठी स्वतः दारोदार फिरल्या, ती देताना त्यांनी हात राखला नाही.

मान मिळाला, पण उशिरा. 1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1974 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पद्मभूषण. 10 फेब्रुवारी 2001 रोजी माई गेल्या, तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या.

मैत्रिणींनो, प्रत्येकीला मोगूबाई होता येणार नाही. त्यांनी जे सोसलं ते कुणाच्या वाट्याला येऊही नये. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लेकरू झाल्यावर त्या नुसत्या गायला परतल्या नाहीत, त्या पुन्हा शिकायला बसल्या. लेकरं मोठी होतील मग बघू, असं त्यांनी म्हटलं नाही. लेकरांच्या देखतच शिकल्या, म्हणून तर लेकीच्या कानावर ते गाणं पाळण्यापासून पडलं. तुमच्याही गळ्यात काही अर्धवट राहिलं असेल, तर या भुलाबाईला पोरींच्या घोळक्यात तुम्हीही बसा. लेक ऐकत असली तर उत्तमच.