डॉ. रखमाबाई

डॉ. रखमाबाई जनार्दन सावे, प्रचलित नाव डॉ. रखमाबाई राऊत (जन्म : मुंबई, २२ नोव्हेंबर १८६४, मृत्यू : २५ सप्टेंबर १९५५) या भारतात प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक होत. बालपणी झालेला विवाह नाकारून सासरी नांदण्यास जाण्याचे नाकारल्यामुळे त्यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात चाललेला दावा 'दादाजी विरुद्ध रखमाबाई' या नावाने कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

बालपण व विवाह

रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहास मुभा असल्याने त्यांनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. पुढील वादात ही मालमत्ता सतत पार्श्वभूमीला राहिली.

वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या १९ वर्षांच्या तरुणाशी झाला. दादाजींनी सासऱ्यांच्या घरी राहून शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. परंतु ते शिक्षणात रमले नाहीत व मामा नारायण धुर्माजी यांच्या आश्रयास गेले. सखाराम अर्जुन हे वैद्यकशास्त्राचे व वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि सुधारक वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांनी मुलीला लहान वयात सासरी धाडले नाही. रखमाबाई घरीच वाचू-लिहू लागल्या व मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तकांवर त्यांनी इंग्रजीचे ज्ञान मिळवले.

नांदण्याचा दावा

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला नांदावयास पाठविण्याची मागणी केली व नंतर न्यायालयात धाव घेतली. पतीची प्रकृती, पत्नीस पोसण्याची त्याची असमर्थता व त्याच्या मामाच्या घरातील वातावरण ही कारणे रखमाबाईंच्या बाजूने मांडण्यात आली. त्यांच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. खरा प्रश्न मात्र याहून मोठा होता : समज येण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी लावून दिलेले लग्न त्या मुलीला बंधनकारक आहे काय?

न्यायमूर्ती पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तर इंग्लंडमधील धर्मपीठांच्या न्यायालयांतून आलेला आहे. तोही एकत्र नांदून विभक्त झालेल्या जोडप्यांसाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे तर सहजीवन सुरूच झालेले नव्हते. शिवाय असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्येच काढून टाकली होती; हिंदुस्थानात मात्र ती कायम होती.

हा निकाल टिकला नाही. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी अपिलात हिंदू विवाह विधीनेच पूर्ण होतो असे धरून दावा फेरसुनावणीस पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखविली. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे घरातला खंबीर आधार या वेळी नव्हता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

यापूर्वीच त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली होती. बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई आदींनी त्यांची बाजू घेतली. लोकमान्य टिळकांनी 'केसरी' व 'मराठा' पत्रांतून विरोध केला. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली व पुढील वर्षी दुसरे लग्न केले.

घटस्फोट झाला काय?

रखमाबाईंना घटस्फोट मिळाला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. विवाह विसर्जित करणारा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिला नव्हता. काही जातींतील काडीमोडीची रूढी सोडल्यास त्या वेळच्या हिंदू कायद्यात घटस्फोटास जागाच नव्हती. पुरुषास दुसरी बायको करता येत असल्याने दादाजी मोकळे झाले. रखमाबाईंच्या वाट्याला केवळ पतीच्या घरी न जाण्याची मुभा आली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी धारण केली. ज्या नात्याविरुद्ध त्या झगडल्या, त्याचीच ही खूण अंगावर घेण्यामागे त्यांचा विचार काय होता, याविषयी अभ्यासकांनी तर्क केले आहेत.

वैद्यकीय कार्य

कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या व लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या. ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेऊन परतल्यावर त्यांनी सुरतेतील स्त्रियांच्या रुग्णालयात दीर्घकाळ काम केले. १९१८ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील पद नाकारून त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या व निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. निवृत्तीनंतर मुंबईत त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली.

कायद्यातील बदल

खटल्यानंतर उसळलेल्या वादाचा संमतिवयाच्या चर्चेवर मोठा परिणाम झाला आणि १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर्षे झाले. नांदण्याचा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १९२३ मध्ये रद्द झाली. आज फक्त मालमत्ता जप्त होऊ शकते. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा हक्क १९४७ मध्ये मिळाला. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला, तेव्हा रखमाबाई ९० वर्षांच्या होत्या. चार महिन्यांनी त्यांचे निधन झाले. या कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदण्याचा दावा अद्याप आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरविले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध मानले. मात्र असा हुकूम वर्षभर पाळला गेला नाही, तर दोघांपैकी कोणासही घटस्फोट मागता येतो. पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीने पंधरा ते अठरा या वयात ते नाकारल्यास तिला त्या आधारे घटस्फोट मागण्याची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली.

मोहिनी वर्दे यांनी रखमाबाईंचे मराठी चरित्र लिहिले आहे. सुधीर चंद्र यांनी या खटल्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला असून, अनंत महादेवन यांनी रखमाबाईंच्या जीवनावर मराठी चित्रपट दिग्दर्शित केला आहे.