डोंगरे कुटुंबाची पायी यात्रा व पंडिता रमाबाई

शहाड येथे बिर्ला कुटुंबाने बांधविलेले विठ्ठलमंदिर आहे. ज्यांस पंढरपुरास जाणे घडत नाही, असे कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या बाजूचे पुष्कळ लोक आषाढी एकादशीस दिंड्या घेऊन तेथे येतात व सायंकाळी आपापल्या घरी परत जातात. पंढरीची वारी याहून मोठी. तथापि तिचेही मुक्काम ठरलेले असतात, दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि माघारी येण्यास घर असते. आमच्या प्रचारक बंधूंसही दौऱ्यावर निघण्यापूर्वी कोणत्या गावी भाकरी मिळेल व कोणत्या गावी निजावयास जागा मिळेल, याचा विचार करावा लागतो. परंतु जो मनुष्य घराला पाठ करून निघतो, आणि ज्याला परत यावयाचे घरच नाही, त्याच्या प्रवासाची तयारी कशी असते? पंडिता रमाबाई यांच्या आईबापांनी असा प्रवास केला. रमाबाईंच्या पुढील कार्याविषयी आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. आम्ही येथे मुख्यत्वे त्या यात्रेविषयीच लिहितो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे कर्नाटकातील माळहेरंजी गावचे. विद्येसाठी ते पुण्यास आले असता त्यांच्या गुरूंकडे पेशव्यांच्या घरातील एक स्त्री संस्कृत शिकते असे त्यांस कळले, आणि आपल्याही पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीस शिकण्याची गोडी नव्हती. ती वारल्यावर शास्त्रीबोवा यात्रा करीत गोदावरीकाठी पैठणास आले. तेथे दुसरा एक यात्रेकरू ब्राह्मण बायको व दोन मुली यांसह उतरला होता. दोघांचे बोलणे झाले व दुसऱ्याच दिवशी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचे चव्वेचाळीस वर्षांच्या अनंतशास्त्र्यांशी लग्न लागले. मुलीचा बाप आपल्या वाटेने पुढे गेला. ज्याच्या हाती पोटची मुलगी दिली तो कोण, कोठला, याची त्याने फारशी चौकशी केली नाही. यात्रेच्या घाईत किती मोठ्या गोष्टी उरकल्या जात, हे यावरून दिसते. या मुलीचे भाग्य एवढेच की नवरा सज्जन निघाला.

ही मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई. तिला शास्त्रीबोवांनी संस्कृत शिकविले. जातभाईंनी विरोध केला, तेव्हा ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जाऊन राहिले. हे स्थान नद्यांच्या उगमाचे, म्हणून यात्रेकरूंची तेथे ये-जा असे. शास्त्रीबोवांचे घर लवकरच धर्मशाळा व पाठशाळा बनले. विद्यार्थी राहत, यात्रेकरू जेवत, आणि कोणासही विन्मुख पाठविले जात नसे. पोरवयात लग्न होऊन आलेल्या लक्ष्मीबाईस घरकाम, पाहुण्यांचा स्वयंपाक व अध्ययन ही तिन्ही करावी लागत. याच घरी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. इतरांच्या यात्रा चालविता चालविता घर कर्जात बुडाले, जमीन गेली, आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब बाहेर पडले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले. श्रीनिवास व कृष्णाबाई ही वडील भावंडे बरोबर होती.

भक्तीने हे कुटुंब निघाले की सावकाराच्या भीतीने? आम्हांस वाटते, दोन्ही कारणे खरी होती. शास्त्रीबोवा ढोंगी नव्हते. तीर्थे केल्याने देव प्रसन्न होईल अशी त्यांची पक्की निष्ठा होती; आणि ती नसती तर सोळा-सतरा वर्षे कोणी पायी हिंडले नसते.

या यात्रेस व्यवस्था नव्हती असे मात्र नाही. एखाद्या क्षेत्री गेल्यावर शास्त्रीबोवा देवळात किंवा घाटावर पुराण वाचीत. श्रोते पुढे तांदूळ, वस्त्र, पैसा ठेवीत, व त्यावर कुटुंबाचा निर्वाह होई. भीक मागावयाची नाही हा नियम होता. शास्त्रीबोवा वृद्ध झाल्यावर रमाबाईंचे शिक्षण आईकडे आले. ती पहाटे मुलीस जागी करून संस्कृत पाठ करवून घेई. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंनी बारा वर्षांच्या वयात मुखोद्गत केले होते. त्यांची शाळा अशी चालत्या वाटेवरच झाली.

उणीव राहिली ती दुसरीकडे. मुलांस पुराणाखेरीज दुसरा कोणताही धंदा शिकविला नाही. मोलमजुरी करणे ब्राह्मण्यास कमीपणाचे मानले गेले. जो पैसा साठे तो दानदक्षिणेत जाई, कारण देवाची कृपा झाली म्हणजे उद्याची चिंता नको असे शास्त्रात सांगितले होते. मग १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. श्रोत्यांच्याच घरी धान्य नाही, तेथे पुराणिकाच्या पुढे ते कोण ठेवणार? होते नव्हते ते पैसे पुण्यप्राप्तीसाठी ब्राह्मणांस दिले गेले. दागिने गेले, भांडी गेली, व शेवटी रानातील पाला खाण्याची पाळी आली. अंध झालेल्या शास्त्रीबोवांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. तेव्हा श्रीनिवासाने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याचे कबूल केले, आणि त्याच्या या बोलण्याने पित्याने तो विचार सोडला. परंतु मजुरीचा विचार फार उशिरा सुचला होता. शास्त्रीबोवा लवकरच वारले. पाठोपाठ रायचूर येथे आई गेली. तिची तिरडी उचलावयास दोनच ब्राह्मण आले. तिसरा श्रीनिवास व चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, म्हणून त्यांस आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैल दूर होते. पुढे कृष्णाबाईही वारली.

राहिलेली दोन भावंडे उत्तरेकडे चालू लागली. त्यांच्याजवळ पांघरूण नव्हते. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. मूठभर दाणे पाण्यात भिजवून मिठाबरोबर खावेत, हे त्यांचे जेवण. हिमालयात एका तळ्यावर सात तरंगते डोंगर असून ते निष्पाप यात्रेकरूच्या दिशेने चालत येतात, असे त्यांस सांगण्यात आले. पुजाऱ्यांनी पाण्यात उतरण्याची मनाई केली होती. श्रीनिवास पहाटे गुपचूप पोहत गेला, तो ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली माती, दगड व झाडे असून मागे माणसे ते ढकलीत आहेत असे त्याने पाहिले. ज्यांनी या यात्रेसाठी आईबाप व बहीण गमावली त्यांस हे पाहून काय वाटले असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी. आम्ही एवढेच म्हणतो की त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वाटेवर मिळविलेली विद्या पाहून तेथील विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी रमाबाईंचे लग्न झाले, आणि १८८२ साली त्या एका लहान मुलीसह विधवा झाल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्या आपल्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी. आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे, म्हणजे शहाडहून एकच स्थानक अलीकडे.

मुंबईस १८८९ साली शारदासदन निघाले, ते पुढे पुण्यास व नंतर केडगावास गेले. मधल्या काळात रमाबाई पुन्हा एकदा यात्रेकरूचा वेष घालून वृंदावनास गेल्या. यावेळी पुण्य जोडावयाचे नव्हते. तीर्थात टाकून दिलेल्या विधवांची स्थिती डोळ्यांनी पाहावयाची होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते.

केडगावची व्यवस्था पाहिली म्हणजे गंगामुळाच्या घराची आठवण होते. दारी आलेल्यास अन्न देण्याचा पित्याचा धर्म तेथे चालू राहिला. परंतु येथे विहिरी खणल्या, शेते व बागा लावल्या, आणि मुलींस विणकाम, शेती, छापखाना असे हातचे धंदे शिकविले. आईने पहाटे लावलेली पाठांतराची सवयही वाया गेली नाही. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि छपाईचे काम मुक्तिसदनातील मुलींनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगाव येथे मरण पावल्या. ते समग्र शास्त्र १९२४ साली छापून बाहेर पडले.