डॉ. हॅरॉल्ड मान : एका जमिनीतले वाटेकरी

थेरगाव : थेरगावहून रहाटणीमार्गे पुढे गेले, की पिंपळे सौदागर लागते. आज उंच इमारतींनी व्यापलेल्या या उपनगराच्या शेतीची शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तपशीलवार पाहणी झाली होती. ती करणारे डॉ. हॅरॉल्ड मान अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. वैरणीची पिके एकत्र वाढताना एकमेकांवर कोणता परिणाम करतात, याचाही त्यांनी शोध घेतला, ही बाब मात्र फारशी ज्ञात नाही.

१८७२ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे जन्मलेले मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. चहाच्या मळ्यांतील संशोधनासाठी ते १९०० मध्ये भारतात आले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुण्यातील अस्पृश्य समाजाच्या स्थितीचाही त्यांनी अभ्यास केला. सहकाऱ्यांसह केलेली पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या गावात १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते. तेही सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. एवढ्याशा जमिनीत माणसांचे धान्य आणि बैलांची वैरण, दोन्ही पिकवायचे. दख्खनच्या शेतकऱ्याने बाजरीत तूर, ज्वारीत मटकी असा मिश्र पेरा जपला, त्यामागे लहरी पावसाबरोबर हीही निकड होती.

१९१८ मध्ये ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. १९२७ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर नव्याने कामाला लागले. तेथे टी. डब्ल्यू. बार्न्स यांच्यासह त्यांनी पिकांतील स्पर्धेवर निबंधांची मालिका सिद्ध केली. १९५२ च्या निबंधात सातूच्या पिकातील क्लोव्हर ही द्विदल वैरण चक्क तण मानून तपासली होती. पुढच्याच वर्षी रायग्रास हे गवत आणि क्लोव्हर एकत्र वाढविल्यास काय घडते, हे त्यांनी मांडले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

एकच वनस्पती कुठे तण, तर कुठे सोबती ठरते, ती या स्पर्धेमुळेच. गवत जमिनीतील नत्र झपाट्याने उचलते आणि उंच वाढून द्विदलावर सावली धरते. द्विदलाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू मात्र हवेतील नत्र बांधतात. नत्रखत वाढविले, की गवत शिरजोर होते. कापणी लांबली, की खालचे द्विदल गुदमरते. म्हणूनच आपल्याकडे चाऱ्यासाठी मका आणि चवळी एकत्र घेताना बियाण्याचे प्रमाण, ओळींची मांडणी, नत्राची मात्रा आणि कापणीची वेळ यांचा मेळ घालावा लागतो. तो चुकला, तर चवळी नावापुरती उरते आणि जनावरांच्या चाऱ्यातील प्रथिने घटतात.

१९६१ मध्ये डॉ. मान यांचे निधन झाले. त्यांनी मोजलेले पिंपळे सौदागरचे शिवार आता शहरात विरून गेले आहे. थोडक्या जमिनीत दोन पिकांना कसे नांदवावे, हा प्रश्न मात्र राज्यातील लहान शेतकऱ्यापुढे दर हंगामात उभा राहतो.