छातीवरची मगर

छातीवर छोटी हिरवी मगर असलेला शर्ट आपण सर्वांनी पाहिला आहे. ती मगर फ्रान्सचे टेनिसपटू रने लाकोस्त यांची.

त्यांचा जन्म १९०४ साली पॅरिसला झाला. १९२३ साली बोस्टनला सामना जिंकल्यास मगरीच्या कातड्याची बॅग देण्याचे संघनायकाने कबूल केले. लाकोस्त हरले. बॅग गेली, पण ‘मगर’ हे टोपणनाव राहिले. खेळातील चिवटपणाने ते त्यांना शोभले. रोबेर जॉर्ज या मित्राने काढलेली मगर त्यांनी कोटावर भरतकामात घेतली. १९३३ साली आंद्रे जिलिए यांच्यासह कंपनी काढली तेव्हा तीच मगर शर्टाच्या दर्शनी भागावर आली. १९९६ साली लाकोस्त वारले.

कपड्यावरील चिन्ह लहान व ठळक असावे, पण मागे कर्तृत्व असेल तरच ते टिकते, असे आम्हांस वाटते.